चौथी बीप

कोलोरॅडोतल्या त्या घाटावर बर्फाचे कडे कधी सुटतील हे सांगणं, ही हेमचंद्रची नोकरी. मूळचा पुण्याचा इंजिनियर. १९८५ हा त्याचा इथला अकरावा हिवाळा. छातीइतका खड्डा खणायचा, भिंतीतले थर बोटांनी दाबायचे, कुठला थर साखरेसारखा भुसभुशीत आहे ते वहीत लिहायचं. त्यावर घाट उघडा की बंद ते ठरे.

विनयचा हा जेमतेम दुसरा हिवाळा. न्यू जर्सीत जन्मलेलं पोर, पण त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. साहेब हेमचंद्रची वही मिटून विचारत, "व्हॉट डझ विनय से?" एप्रिलमध्ये मुख्याची जागा रिकामी होणार होती. हेमचंद्र विनयला पाण्यात पाहायचा.

निघताना रोज एकमेकांच्या गळ्यातल्या पेट्या तपासायच्या. पेटी सारखी बीप सोडते. माणूस गाडला गेला तर दुसऱ्याने आपली पेटी ऐकण्यावर लावून, इअरफोन घालून बीपमागे शोधत जायचं. हेमचंद्रची पेटी दगडावर आपटल्यापासून दर चौथी बीप गाळायची.

"काका, चेंज करा ना ही," विनय रोज म्हणे.

फेब्रुवारीत एकदा खड्ड्यात विनयच्या कानात इअरफोन दिसला.

"कोणाला शोधतोयस?"

विनय गोरामोरा झाला. "तुम्हीच ऐका."

दोघांच्याही पेट्या ऐकण्यावर लावल्या. म्हणजे बीप सोडणारं तिथे कोणीच नव्हतं. तरी नोव्हेंबरपासून कोणी न हलवलेल्या थरांखालून बारीक बीप येत होती.

"खाली कोणी नसतं, मी डिग करून बघितलंय. जिथे ऐकू येतं तो स्लोप नंतर सुटतो, एवढंच. मला भीती वाटते, काका."

हेमचंद्रला आधी आनंदच झाला. म्हणजे पोराची अक्कल नव्हतीच ही! दुसऱ्या दिवसापासून तोही कान लावू लागला. लागोपाठ तीन अंदाज बरोबर आले आणि साहेबांनी विचारलं, "व्हॉट डझ हेम से?" त्या दिवशी त्याने बायकोला, नीलाला, शिरा करायला सांगितला.

मार्चमध्ये उत्तरेचा उतार तपासायचा होता. या रिपोर्टवर एप्रिलची जागा ठरणार होती. सकाळी पायथ्याशी विनय इअरफोन घालून त्याच्या छातीपाशी वाकला.

"काका, बीप नाहीये."

बटण चालू होतं. बॅटरी नवी होती. लाल दिवा लुकलुकत होता.

विनयने आपली पेटी हळूहळू उताराकडे वळवली.

"आज नको. कॅन्सल करू."

"म्हणजे उद्या तू जायला मोकळा!"

हेमचंद्रने इअरफोन हिसकावून आपल्या कानात घातला.

उतारावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. बीप तिथूनच येत होती. तीन ऐकू आल्या, चौथी नाही. छातीवरचा दिवा त्याच तालात लुकलुकत होता.

त्याने इअरफोन परत दिला.

"मला काही ऐकू येत नाही," तो म्हणाला आणि चढू लागला.

उतारावर एका वेळी एकच माणूस, दुसऱ्याने खाली उभं राहून बघायचं, असा नियम होता. विनयने दोनदा हाक मारली. मग त्याने वहीत वेळ लिहिली आणि पाठीवरचं फावडं काढून हातात घेतलं.