हालू नको, आलोच

कंदील जरा मोठा करा आणि ऐका. मी मुळातच बडबड्या माणूस, आणि ही गोष्ट निघाली की आजही माझी जीभ आवरत नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या वर्षाची दिवाळी नुकतीच उलटली होती. भाचीला राजूरला न्यायचं, गणपतीचं दर्शन, पाळणा, गोडीशेव, एवढंच माझं काम. सायकलवर गाणी म्हणत दुपारी बहिणीच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला पोचलो. अंगणात लिंबाखाली मच्छिंद्र दाजी बाजेवर झोपले होते. दाजी होमगार्डात, किल्लारीला ढिगारे उपसायला गेलेले. परतल्यापासून त्यांनी घरात, मातीच्या माळवदाखाली पाय ठेवला नव्हता.

सत्यशीला अक्कानं दारातच मला गप्प राहायची खूण केली. आत सारवलेल्या जमिनीवर शिवकन्या पालथी पडली होती. गाल भुईला, एक हात लांब केलेला. सहा वर्षांची पोर, एरवी मला बघताच सायकलच्या दांडीवर चढून बसणारी.

"काय गं, पाळणा नको का?"

"मामा, हालायचं न्हाई… बाबा येऊन राह्यले."

अक्काचे डोळे भरले. "रोज असंच. जेवत न्हाई, खेळत न्हाई. उचलली की लटलट कापती. डॉक्टर म्हन्ले, पोरीला काही न्हाई झालं, बापाला दाखवा."

तेवढ्यात बाहेर दाजी झोपेत बोलले, "हालू नको बाळा… आलोच."

आणि घरातून हुंकार आला. "हं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाप झोपेत कुणाला तरी थोपवतोय आणि लेक ते ऐकून थांबतेय! मी धावत जाऊन दाजींना गदागदा हलवलं आणि सगळं सांगितलं. ते बाजेवर उठून बसले.

"ढिगाऱ्याखाली एक पोरगी बोलत व्हती. मानूस हालला की दगडं बसत्यात, म्हनून आमी पैल्यांदा हेच सांगायचो. मी पहार आनाया गेल्तो… आलो तं भिंत बसल्ती."

"दाजी, जल्दी आत चला. तुमीच थांबवलंय पोरीला, तुमीच उठवा."

त्यांना बाजेवरून उठवेस्तोवर दिवेलागण झाली होती. उंबऱ्याशी दाजी थबकले, माळवदाकडे बघून त्यांना दरदरून घाम फुटला. मला वाटलं, आता हा माणूस माघारी फिरतो. पण फिरले नाहीत. वाकून आत गेले, पोरीच्या लांब केलेल्या हातावर हात ठेवला.

"शिवा, आलो बघ मी. हाल आता. ऊठ."

आणि पोर उठली हो! बापाच्या गळ्यात पडली, भाकर मागितली. अक्का रडत रडत हसत होती. मला तर काय करू न् काय नको झालं, बाहेर पळत जाऊन सायकलची घंटी वाजवत सुटलो. राजूर काय, आता जालन्याची जत्रासुद्धा दाखवीन म्हणालो.

परत आत आलो तेव्हा शिवकन्या तोंडभर भाकर घेऊन बापाच्या मांडीवर बसली होती. घास गिळून म्हणाली, "बाबा, तिला पन सांगा ना."

"कुनाला गं?"

"खालच्या ताईला. मी उठले तं ती एकलीच राह्यली."

अक्काचं हसू विरलं. पोरीनं दुसरा घास तोंडात कोंबला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. दाजी खाली वाकले, गाल भुईला लावला. ऊठ, एवढंच म्हणायचं होतं हो त्यांना… मी मनातल्या मनात ओरडत होतो. पण सवय वाईट. ज्या माणसानं रात्रंदिवस एकच वाक्य म्हटलंय, त्याच्या तोंडून दुसरं काय निघणार?

"हालू नको बाळा… आलोच."

"हं."

दुपारचाच हुंकार. शिवकन्येचं तोंड तर भाकरीनं भरलेलं होतं.

दाजी उठले आणि पहार शोधायला अंगणात गेले. शिवकन्येनं उरलेली भाकर ताटात ठेवली, गाल जमिनीला लावला आणि ती पुन्हा निपचित पडली.