सातव्या पेटीतल्या डावऱ्या बाया

"मॅडम, पाणी भेटन का प्यायले?"

सुचिता शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभी होती. दोन्ही हातांत मोठी चौकट, आणि चौकट अर्ध्या बोटानं तिरकी. तिनं मान न वळवता हनुवटीनंच कोपऱ्यातला माठ दाखवला.

माणूस पाणी प्यायला, पण गेला नाही. चपलांचा आवाज एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत सरकत राहिला.

रविवारी पांढुर्ण्यातल्या या शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. गावातल्या एका स्टुडिओवाल्यानं सत्तर वर्षांपूर्वी काचेच्या प्लेटांवर टिपलेलं रोजचं जगणं – बाजार, पाणवठा, सायकलीचं दुकान, तिगावच्या फलाटावर गाडीची वाट पाहणारी माणसं. स्टुडिओ कधीच बंद पडला होता. उरल्या होत्या अकरा पेट्या आणि एक नोंदवही. नागपूरच्या एका संस्थेनं ते काम सुचिताकडे दिलं. ती रसायनशास्त्रात एमएस्सी. काच कशी पुसायची आणि कशी पुसायची नाही, हे तिला ठाऊक. सहा महिने ती सौंसरहून सकाळच्या बसनं यायची, एकेक प्लेट स्वच्छ करायची, स्कॅन करायची, खाली दोन ओळी लिहायची.

"एक विचारू का?" मागून आवाज आला.

"विचारा."

"ह्या चारही बाया डावऱ्या होत्या का?"

आता तिला वळावंच लागलं. तिशीच्या आतबाहेरचा, बाह्या दुमडलेला, खांद्याला संत्र्याचं एक पान चिकटलेलं. तो ज्वारीच्या कापणीच्या फोटोपुढे उभा होता. चार बाया ओळीनं वाकलेल्या. चौघींच्याही डाव्या हातात विळा.

"एखादी असते डावरी," तो म्हणाला. "पण चार म्हणजे... मले तं इळे बनवणाऱ्याची काळजी वाटून राहिली."

सुचिता शिडीवरून उतरली. फोटोखाली तिच्याच अक्षरात लिहिलं होतं – कापणी, सन १९५६. हिंदी भाषक कुटुंब. पदर उजव्या खांद्यावर.

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. काचेच्या एका बाजूला चित्राचा थर असतो, तो मंद दिसतो. त्यावरून उलट-सुलट कळतं. पण सातव्या पेटीतल्या प्लेटांवर कुणीतरी वार्निश फिरवलेलं, दोन्ही बाजू सारख्याच चकाकत होत्या. आणि उजव्या खांद्यावर पदर दिसला तेव्हा तिला शंकासुद्धा आली नव्हती. इथे सीमेवरच्या गावांत एका घरात डावा पदर, शेजारच्या घरात उजवा. मराठी आणि हिंदी एकाच नळावर भांडतात. पुण्या-साताऱ्याची कुणी असती तर तिथेच थबकली असती. सुचिता इथलीच होती, म्हणून चुकली.

"पेटीच उलटी स्कॅन झाली," ती हळू म्हणाली. "अडतीस प्लेटा."

"मी पाणी प्यायलेच आलो होतो." त्यानं दोन्ही हात वर केले. "मी काईच पाह्यलं नाही."

ती हसली असती, पण प्रदर्शन रविवारी होतं आणि आज मंगळवार होता.

त्याचं नाव हेमराज. मोहगावला संत्र्याची बाग. मंडीत माल आणला होता आणि लिलावाला वेळ होता, एवढंच त्या दिवशी कळलं.

बुधवारी तो पुन्हा दारात.

"आजही तहान लागली?"

"आज तं जास्तच हाय."

सुचितानं अख्खी पेटी उपसली होती. प्रत्येक प्लेट उलटून पुन्हा स्कॅन करायची, फोटो नव्यानं छापायचे, सगळ्या नोंदी फिरून लिहायच्या. त्यात शनिवारी पाचच्या आत पुण्याला उत्तर पाठवायचं होतं. तिथल्या एका संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत दीड वर्षाची जागा मिळत होती, अशीच काचेची कामं. तीन वर्षं तिनं याच पत्राची वाट पाहिली होती. ते येऊन चार दिवस झाले होते आणि ती रोज ते उघडून नुसतं वाचत होती. का, ते तिला कळत नव्हतं... मंगळवारपर्यंत तरी नव्हतं.

"मी करू का मदत?" हेमराजनं विचारलं.

"हात दाखवा."

त्यानं तळवे पुढे केले. संत्र्याच्या सालीचा उग्र, गोड वास आला.

"तेल आहे बोटांना. साबणानं धुवा. दोनदा. मग हातमोजे घाला."

मोजे तिच्या मापाचे होते. त्याच्या बोटांवर ते अर्ध्यावरच अडकले आणि तो हात हवेत धरून, मेंदी लावलेल्या नवरदेवासारखा, तसाच बसून राहिला.

"तुम्ही काही धरू नका," ती म्हणाली. "फक्त बघा आणि सांगा."

तो सांगत गेला. ही विहीर मोहगावची, अजून हाय. हे वखर हाय, नांगर नाही मॅडम, तुम्ही खाली नांगर लिहून ठेवलं. हा माणूस मोट हाकून राहिला, पण ध्यान त्या पाणी भरणारीकडे हाय – पाहा बरं त्याची मान.

सुचितानं भिंग घेतलं. खरंच, मान तिकडे होती. सहा महिन्यांत तिनं त्या प्लेटेवरचे सगळे ओरखडे मोजले होते. मान पाहिली नव्हती.

"एक फोटो तुम्ही किती डाव तपासता?"

"तीनदा."

"अन् माणूस?"

"माणसावर नोंद क्रमांक नसतो." ती काचेकडेच पाहत म्हणाली. "वेळ लागतो."

"लागू द्या," तो म्हणाला. "माहा लिलाव रोजच उशिरा होऊन राहिला."

गुरुवारी ते बाहेर चहा घेत होते, तेव्हा त्याच्या पिकअपच्या सीटवर तिला पाण्याचा मोठा थर्मास दिसला. ती तो नुसता पाहत राहिली. हेमराजनंही पाहिला.

"भरलेला आहे?"

"हाव."

"थंड?"

"बर्फ बी टाकला हाय." त्यानं कप तोंडाला लावला. "माठाची गोष्टच येगळी असते पण."

त्या दुपारी सुचिताच्या हातून नोंदीत एक आकडा चुकला. तिनं खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा चुकला. खिडकीतून वारा येत होता आणि कागद फडफडत होते. तिला वाटलं, आपल्याही आत असंच काहीतरी वजन न ठेवलेलं आहे.

नोंदवही तो वाचून दाखवायचा. स्टुडिओवाला फार कमी लिहायचा, पण नेमकं. *बाजार, भाजीवाली. डोळे मिटले, पुन्हा काढला.* *सायकल नवी. सायकलीचा काढा म्हणाला, माझा नको.* शेवटच्या रकान्यात, फोटो कधी नेला त्याची तारीख.

"हे ऐका. सन अठ्ठावन. *तरुण, एकटा. तीन प्रती सांगितल्या. एक कुणाला द्यायची आहे म्हणाला.*" हेमराजचं बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं. "अन् इथं कोरं हाय."

"न्यायला आलाच नाही."

"काऊन नसन आला?"

"त्याची नोंद नाही."

"भेव वाटलं असन," तो म्हणाला, आणि पान उलटलं.

शुक्रवारी अडतिसावी प्लेट झाली. चारही बायांच्या उजव्या हातात विळे आले, डाव्या खांद्यांवर पदर आले. सुचिता आणि हेमराज भिंतीपासून चार पावलं मागं सरून शेजारी उभे राहिले. त्याचा दंड तिच्या दंडाला लागत नव्हता. मध्ये एवढंसंच अंतर होतं, आणि ते किती आहे हे तिला न पाहता सांगता आलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. नागपूरच्या मृणालताई, तिच्या वरिष्ठ. हात ओले होते म्हणून सुचितानं तो स्पीकरवर टाकला.

"सुचिता, पुण्याला हो कळवलंस का नाही? उद्या पाचला दार बंद होईल बरं. एक मार्चला रुजू व्हायचंय तुला."

"कळवते ताई."

फोन बंद झाला. हेमराज फोटोंकडेच पाहत होता.

"पुणं," तो म्हणाला.

"दीड वर्ष. मी सांगणार होते..."

"मले काऊन सांगान? मी तं पाण्यावाला माणूस." तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. "जा तुम्ही. चांगलंच हाय. तुमच्या असल्या हातांनी इथं थोडीच राहायचं."

त्यानं हातमोजे काढून त्यांची नीट घडी केली, ते टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला.

शनिवारी तो आला नाही. सकाळी दहा वाजता सुचितानं सगळ्या चौकटी पाणसळ लावून पाहिल्या. सगळ्या सरळ होत्या. अकरा वाजता पुन्हा पाहिल्या. बारा वाजता माठ भरला, जो भरलेलाच होता. पत्र उघडलं, *मला ही जागा मान्य आहे* एवढं लिहिलं, आणि बोट थांबलं.

पुण्याला जायचं होतं. त्यात शंका नव्हती. तेवढं तिनं तीनदा तपासलं. शंका दुसऱ्याच गोष्टीची होती. हे उत्तर गेलं, की हेमराजची समजूत पक्की होणार – बाई गेली, विषय मिटला. तो विचारायला येणार नाही. ती सांगायला जाणार नाही. आणि कुठल्यातरी वहीत शेवटचा रकाना कोरा.

तिनं हॉलला कुलूप घातलं आणि सौंसरची बस पकडली. तिथून मोहगावला ऑटो. "हेमराजची बाग" एवढंच सांगितलं. ऑटोवाल्यानं पत्ता विचारला नाही, मात्र आरशातून दोनदा पाहिलं.

बागेत संत्र्यांची तोड चालू होती. झाडांखाली संत्र्यांचे ढीग, क्रेट, आणि क्रेटवर बसून फळं निवडणारी एक बाई. तिनं सुचिताला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"फोटोवाली हायेस का तू?"

"हो... काकू."

"मी त्याची माय, प्रेमलता." तिनं एक डागी संत्रं बाजूला फेकलं. "बरं झालं आली. कालपासून ह्यानं खराब माल चांगल्यात टाकून ठेवला. सारं मले फिरून निवडा लागून राहिलं." आणि झाडांकडे तोंड करून, आवाज न चढवता, "हेमराज, तुह्यं पाणी आलं रे बाप्पा."

तो कात्री हातात धरूनच बाहेर आला आणि जागीच उभा राहिला.

"रविवारी हाय न प्रदर्शन?"

"रविवारीच आहे. आज काम वेगळं आहे." बसमध्ये तिनं पाच वाक्यं जुळवली होती. आता एकही सापडेना. "मी पुण्याला जाऊन राहिली. दीड वर्षासाठी. ते मला करायचंच आहे."

"मी नाही कुठं म्हटलं..."

"ऐका तरी. मी सांगायला आली, की... तुम्ही मला आवडता. ते मी चार दिवस तपासलं. आता तुम्हाला कोणी विचारलं, ती काऊन गेली, तर तुम्ही म्हणू नका की इथं कोणी नव्हतं म्हणून गेली."

मागं प्रेमलताबाईंचं निवडणं थांबलं होतं. हेमराजनं कात्री खिशात घालायचा प्रयत्न केला. ती मावेना, म्हणून फांदीला अडकवली.

"मले वाटलं," तो म्हणाला, "मी थांबवलं तं तुम्ही थांबसान. अन् मंग मले कधी माफ नाही करसान. म्हणून आलोच नाही."

"थांबवायला नव्हतं यायचं. नुसतंच यायचं होतं."

"येतो न मंग. तोड झाली की पुण्याले येतो. मले कुठं काय समजते तिथलं, तूच..." तो अडखळला. "तुम्हीच नेसान."

"तूच म्हण," ती म्हणाली.

चार वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. सुचितानं फोन काढला. बागेत नेटवर्कची एकही कांडी दिसत नव्हती.

"पिकअपवर चढ," हेमराज म्हणाला. "क्रेटवर उभी राह्यली तं भेटते नेटवर्क. आम्ही व्यापाऱ्यांशी तिथूनच बोलतो."

एका क्रेटवर दुसरं, त्यावर ती. क्रेट डुगडुगलं तसा त्यानं खालून हात दिला. तिनं तो धरला. दुसऱ्या हातानं फोन उंच केला. खाली मोसमाच्या शेवटच्या संत्र्यांचा वास, दूर रस्त्यावरून छिंदवाड्याची बस. उत्तर लिहून तयार होतं. तिनं अंगठा दाबला.

"गेलं?"

"थांब... फिरून राहिलं." ती पडद्याकडे पाहत राहिली. "गेलं."

त्यानं एक मोठा श्वास सोडला.

"मंग आता हात सोडू का?"

सुचितानं खाली पाहिलं. क्रेट आता स्थिर होतं. तिला एकटीला सहज उतरता आलं असतं.

"नको," ती म्हणाली.