मधेच गेलेले

संगणक कक्षाच्या दारात आम्ही एकमेकांवर आदळलो. त्याच्या हातातला चहा माझ्या बाहीवर सांडला आणि माफी मागायची सोडून हा म्हणतो कसा — "नशीब, कप अर्धाच होता!"

उपयोजित संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.च्या वर्गात त्याला सगळे 'सरासरी' म्हणत. उंची मध्यम, गुण मध्यम, आवाजही मध्यम. मॅडमनी प्रकल्पासाठी जोड्या लावल्या आणि तो नेमका माझ्या गळ्यात पडला. काम तसं उदासच. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर माणसं किती काळ जगतात, ते इस्पितळाच्या नोंदींवरून काढायचं. बाहेर दिवसचे दिवस झिमझिम आणि आत आम्ही दोघं.

त्याचा पहिलाच आलेख मला खटकला. जिवंत राहिलेल्यांची रेषा धाडकन खाली आलेली.

"एवढे कसे मेले रे?"

"जे तपासणीला यायचे मधेच बंद झाले, त्यांना काढून टाकलं मी. त्यांचं पुढे काय झालं कळतच नाही, तर ठेवून काय करायचं?"

मी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, येत होते तोवर तर जिवंत होते ना! मधेच गेले म्हणून पुसायचं नसतं. होते तेवढे दिवस धरायचे... आणि पुढचं माहीत नाही, एवढंच म्हणायचं."

"बाईसाहेब, रागावल्यावर तुम्ही फार छान शिकवता."

"लाडीगोडी नको. दुरुस्त कर." म्हणाले खरी, पण कान गरम झाले होते.

त्यानंतर तो सोप्या सोप्या गोष्टींत चुकायला लागला. मी चिडायची, तो गालातल्या गालात हसायचा. कोपराला कोपर लागलं की दोघंही पडद्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघायचो.

मग एका दुपारी तो बॅग भरूनच आला. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. दुकान, आई, धाकटी बहीण — सगळं आता याच्यावर.

"परत कधी येशील?"

"खोटं नाही सांगत... नाही जमायचं बहुतेक." मग उगाच हसला. "प्रकल्पावरून माझं नाव काढून टाक. आणि तूही... विसरून जा मला."

माझा इथे जीव तुटतोय आणि हा हसतोय!

"काहीच शिकला नाहीस ना?" मी जवळजवळ ओरडलेच. "मधेच गेलेल्यांना पुसायचं नसतं! आवडतोस तू मला, सरासरी. होतास तेवढे सगळे दिवस मी धरणार आहे."

खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं.

"आणि पुढचं?" त्याने हळूच विचारलं.

"पुढचं माहीत नाही. संपलं, असं नाही म्हणायचं."

त्याने माझा हात हातात घेतला, घट्ट, आणि सोडला. बॅग खांद्याला लावून निघाला, तो दारात थांबला. तिथेच, जिथे चहा सांडला होता.

"बाईसाहेब... आलेखातली ती पहिली चूक तेवढी खरी होती," तो म्हणाला. "बाकी सगळ्या मुद्दाम केल्या."