शारदानं लिहिलं, राहा

चिखलीच्या मुलींच्या शाळेत शिकवणारी शारदा बैलगाडीतून घरी निघाली होती. वाटेत एक फटफटी काळ्या मातीत रुतलेली... आणि घामाघूम होऊन तिच्याशी झटणारा, कापसाच्या जिनिंगमधला नवा मिस्त्री उद्धव.

"नुसतं चाक फिरवून काय होते? पह्यले माती खरडा. आमचे गाडीवान तेच करतात."

"मास्तरीनबाई, फटफटीचीही शाळा घेता काय?"

"ढ पोरगं दिसलं का घ्या लागते!"

उद्धव हसला आणि बघतच राहिला. शारदानं घाईघाईनं पदर सावरला.

पुढं भेटी वाढल्या, जीव जडला. उद्धवचा साहेब शर्यतवेडा. विलायतेतल्या शर्यतीत चिखल-टेकड्यांतून फटफटी पळवायला तो उद्धवला घेऊन निघाला. जाण्याआधी कुंकू लावून सोयरीक पक्की करावी, म्हणून उद्धव शारदाच्या वडिलांकडे आला.

"आधी परत या, मंग कुंकू," भगवानराव म्हणाले. "तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो. मंग दुसरं स्थळ पाहीन."

उद्धवच्या पहिल्या पत्रांत नुसती पडझड. 'चाकाकडे पाह्यलं का पडतो. दूर पाह्य, म्हणतात इथले. पण दूर पाह्यलं का तूच दिसते...'

श्रावणात वेगळंच पत्र आलं. 'शारदा, आज पुऱ्या शर्यतीत तुयी आठवण आली नाही. तिसरा आलो. खोटं कायले लिहू? साहेब म्हणतात, अजून वर्षभर राह्यला तं पह्यला येशील. तू म्हणशील तं मात्र लगेच जहाजात बसतो.'

पहिलं वाक्य काळजाला झोंबलं. ती रडली. पण ज्यासाठी तो गेला ते त्याच्या हाती लागत होतं, आणि त्यानं तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. असा माणूस तिला दुसरा कुठं मिळणार होता? तिनं लिहिलं — राहा.

तुळशीचं लग्न लागलं आणि खामगावचे पाहुणे बघायला आले. पाट मांडला, कुंकवाची वाटी आली. शारदा उभीच राहिली.

"तुमचा मान मोठा आहे. पण मी पाटावर बसणार नाही. माझं मन उद्धवले दिलेलं आहे."

पाहुणे तडक उठून गेले.

"अन तो आलाच नाही तं?" भगवानरावांनी विचारलं.

"तं नाही आला, बाबा... पण त्याले राहा म्हणून म्याच लिहिलं."

भगवानरावांनी स्वतःच पाट उचलला.

"पुढच्या वर्षी काढू, उद्धवसाठी," ते म्हणाले.