आटलेल्या तळ्यातली हाक

"तुमचे पाय सरळ आहेत का उलटे?"

हा प्रश्न मी एका अनोळखी मुलाला विचारला. देवाशप्पथ, माझ्या मनानं नाही! दिपालीनं पैज लावली होती आणि नसरीन मागून ढकलत होती, "जा ना गे सत्या, डरती क्या?" मी सत्यशीला, बारावी सायन्स. वर्गात कधी हात वर न करणारी... पण रग्बी खेळायला लागल्यापासून अंगात काय संचारलं होतं कुणास ठाऊक. गेले सरळ.

तो रोज तिथंच उभा असायचा. त्या वर्षी हर्सूलचं तळं पार तळापर्यंत आटलं होतं. पाण्याखालचे सात दगड उघडे पडले होते, आणि दिवस मावळताना, उडत्या धुळीत, त्या दगडांपाशी खांद्यावर काळी घोंगडी टाकलेला हा. हलायचा नाही, बोलायचा नाही.

माझा प्रश्न ऐकून त्यानं आधी माझ्याच पायांकडं पाहिलं.

"तुमचं दाखवा आधी," तो म्हणाला. घोगरा आवाज... पण ऊबदार. आणि हातातली हळदीकुंकवाची पुडी त्यानं चक्क ढालीसारखी पुढं धरली होती! म्हणजे घाबरला होता तो. मला!

"माझे कशाला बघायचे?"

"आय म्हणती, तळं आटलं म्हणून साती आसरा भाईर निघाल्यात. सात पोरी, धुळीनं पांढऱ्याफटक. तिन्हीसांजंला पळत्यात, एकमेकींला पाडत्यात, हसत्यात. म्हणून मी रोज दगडांवर ह्ये ठिवून जातो."

मी इतकी हसले की खालीच बसले. साती आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात कुमारिका. आमच्याकडं विहिरीला, तळ्याला त्या असतातच, आणि रागावल्या तर माणसाला आत ओढतात. आणि आम्ही? सेव्हन्स रग्बी! संघात सात जणी!

"अहो, शाळेच्या मैदानावर पाण्याचे टँकर उभे असतात, म्हणून इथं खेळतो. गाळ मऊ आहे, पडलं तरी लागत नाही. आम्ही सात माणसंच आहोत. म्हणजे आज सहाच. एकीला ताप आलाय."

त्याच्या ओठांवर आलेलं हसू तिथंच थांबलं.

"मी आज बी सात मोजल्या," तो हळूच म्हणाला. "मेंढरं मोजायची सवय हाय. चुकत नाय मी."

वारा पडलेला होता. तरी माझ्या पाठीमागं, भेगाळलेल्या गाळावरून कुणीतरी पळत गेल्यासारखं वाजलं. मी वळून पाहिलं. सगळ्या मैत्रिणी लांब, एका जागी उभ्या होत्या.

त्याचं नाव बिरू. मेंढरांचा तळ तळ्याच्या काठाला पडला होता, आणि मेंढरांमागं फिरता फिरता तो बाहेरून बारावी करत होता. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय मी नीट पाहिले. सरळ होते. टाचांना भेगा होत्या, आणि चालायची ऐट... जाऊ दे.

आमच्या प्रशिक्षक सोनिया मॅडम भारताकडून खेळलेल्या. त्या सांगायच्या, "आमच्या वेळी बायकांचा संघ कुठं होता गं? कुणी कबड्डीतली, कुणी कुस्तीतली, कुणी नुसतीच पळणारी. गोळा केल्या आणि रेल्वेत बसल्यावर नियम शिकवले! आता तुमच्यासारख्या पोरींसाठी भारताचं शिबिर भरतं. पुढचा संघ असल्याच धुळीतून निघणार आहे."

शनिवारी इथंच, तळ्यात, जालन्याच्या मुलींशी सामना होता, आणि शिबिरासाठी निवड करायला पुण्याहून एक बाई येणार होत्या. मला जायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी एवढं हवं होतं.

पण माझी एक खोड होती. रग्बीत चेंडू हातानं पुढं फेकता येत नाही, मागंच द्यावा लागतो. मागची हाक देते आणि आपण न बघता फेकायचा. बघत बसलं की समोरची येऊन आडवं करते. आणि मी? दर वेळी थबकायचे! कारण लहानपणापासून आईनं एकच शिकवलेलं, तिन्हीसांजेला मागून हाक आली तर ओ देऊ नये. तीनदा आली तरच ते माणूस.

मी हे बिरूला सांगितलं. तो मेंढरं हाकत हाकत ऐकत होता.

"मग मी तीनदा मारतो की हाक."

"तोवर मला गाळात गाडतील!"

"मंग माझा आवाज वळखाया शीक," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "वळखीच्या आवाजाला तीनदा कशाला लागतंय?"

मग रोज सराव संपला की मी पुढं पळायची आणि तो मागून हाक द्यायचा, "सत्या... डाव्या अंगाला!" चेंडू त्याच्या पसरलेल्या घोंगडीत पडायचा, धप्प. नसरीन खोकायची. दिपाली उगीचच बुटाची नाडी बांधत बसायची. हळूहळू माझी मान वळायची थांबली. कसं सांगू... त्याची हाक आली की पाठीलाच डोळे फुटायचे.

"आसरा माणसाला धरत्यात आन् सोडत नाय म्हणं," एकदा तो म्हणाला.

"मग? सोडू का?"

"मी कुठं म्हणलो सोडा?"

मी चेंडू छातीशी घट्ट धरला. कानशिलं तापली होती. मावळतीकडून धूळ आली आणि तिच्यात मला बांगड्यांचा आवाज ऐकू आला. आमच्यातली एकही खेळताना बांगड्या घालत नाही.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"रोज ऐकतो," बिरू म्हणाला. "आता भ्या वाटत नाय. त्याबी खेळत असतील."

पण बिरूच्या आईचं ते हळदीकुंकू आम्हालाच भोवलं. एकानं ठेवलेलं बघून दुसऱ्यानं ठेवलं. दगडांवर हिरवा चुडा आला, नारळ आले, लिंबं आली. आमच्या गल्लीतल्या भागूबाईंनी घरी येऊन सांगितलं, "तळ्यात आसरा नाचत्यात. तुमची पोरगी तिथंच जाती म्हणं. शिरतील तिच्यात."

आईचा चेहरा पांढरा पडला. भागूबाई गेल्यावर तिनं मला जवळ बसवलं. कन्नडला, माहेरी, तिची एक धाकटी बहीण होती, कस्तुरा. माझ्याएवढीच. मागून हाक आली म्हणून ओ देत विहिरीकडं गेली... एवढंच आई म्हणाली. पुढचं तिनं पदरात पुसलं.

"शनिवारी शेवटचं," पप्पा म्हणाले. "मग पाऊस पडेपर्यंत मामाकडं कन्नडला. आईला जास्त त्रास देऊ नको, बेटा."

शुक्रवारी मी हे सांगायला पळत गेले, तर बिरू तंबूचे दोर सोडत होता.

"पहाटं तळ उठतोय. मेंढरांला पाणी ऱ्हायलं नाय. पैठणकडं, गोदाकाठाला."

"उद्या माझा सामना आहे!"

"म्हाईत हाय." त्यानं दोराची गाठ सोडली, परत मारली, परत सोडली. "तिकडनं हाक मारीन."

"पैठणवरून? वेडा आहेस का?"

"व्हय." मग मेंढरांकडं बघत, "सत्यशीला... लई आवडतीस तू मला."

आणि मी, जिनं अख्ख्या संघासमोर त्याला पाय उलटे आहेत का विचारलं होतं, ती मुकी झाले. त्यानं काकांचा फोन नंबर सांगितला, मी मान हलवली आणि पळून आले. ओ दिलीच नाही.

शनिवारी सामना सुरू झाला तेव्हा काठावर तळाच्या जागी नुसत्या लेंड्या आणि चुलीची काळी वर्तुळं उरली होती. शेवटची मिनिटं. दोन्ही संघांचे गुण सारखे. मी चेंडू घेऊन सुटले आणि त्याच वेळी दगडांकडून वावटळ उठली. सूर्य विझल्यासारखा झाला. समोरून जालन्याची धिप्पाड पोरगी येताना तेवढी दिसली. मागं कोण आहे, आहे का नाही, काहीच कळेना. कुणाचाच आवाज नाही. सगळं तळं श्वास धरून बसल्यासारखं...

"सत्या... डाव्या अंगाला!"

एकदाच. मानेवर श्वास लागावा इतक्या जवळून.

मी वळले नाही. फेकला.

धूळ खाली बसली तेव्हा दिपाली रेषेपलीकडं चेंडूवर पालथी पडलेली होती. मॅडम ओरडत होत्या, नसरीन माझ्या गळ्यात पडली होती. जिंकलो!

"काय हाक दिलीस गं!" मी दिपालीला मिठी मारली.

"मी?" ती धूळ थुंकत म्हणाली. "तोंडात माती गेली होती, मला श्वास घेता येईना! चेंडू आपोआप हातात आला, सत्या. मला तर तू दिसतच नव्हतीस."

आम्ही दोघी दगडांकडं बघत राहिलो. नसरीन हळूच म्हणाली, "चलो घर. जल्दी."

पुण्याच्या बाईंनी जाताना मला एकच विचारलं, "न बघता फेकलास. एवढा भरवसा कुणावर होता?" आणि माझं नाव शिबिराच्या यादीत लिहिलं.

घरी आले तेव्हा आई कन्नडची पिशवी भरत होती. माझ्या अंगावरची धूळ बघून तिचे हात थांबले. पप्पांनी टीव्ही बंद केला. मी उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली, कारण बसले असते तर रडले असते.

"आई, माझी निवड झालीय. भारताच्या शिबिराला."

"सत्या, त्या तळ्यातलं—"

"उद्या सकाळी आपण दोघी तिथं जाऊ. सातींची ओटी भरू. कस्तुरामावशीच्या नावानं एक खण वेगळा ठेवू. पण आई, मी माफी मागणार नाही. मी काही वाईट केलेलं नाही. आणि मी कन्नडला जात नाही, मी शिबिराला जातेय."

आई पिशवीवर हात ठेवून बसली होती. पप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रस्त्यावरून टँकर गेला, भांडी वाजली.

"आणि अजून एक," मी म्हणाले. मी पप्पांचा फोन उचलला. "बिरू नावाचा एक मुलगा आहे. मला तो आवडतो. त्याला आत्ता फोन करणार आहे... तुमच्यासमोरच."