मावळणीच्या पोटात

मावळण नदी कुठे जाते, हे शोधायला एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही तिघं सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, चढत होतो. हातात दोनच दिवस होते. सोमवारी वरच्या गावची ग्रामसभा होती. तिथल्या एका चिरेखाणीच्या मालकाला खाणीतला चुरा टाकायला जागा हवी होती आणि त्याने 'बुडती' मागितली होती. बुडती म्हणजे सड्यावरची ती कपार, जिथे नदी जांभ्या दगडात शिरते आणि दिसेनाशी होते. नकाशात ओढा तिथेच संपतो. त्याला नावसुद्धा नाही!

पण डोंगराच्या पायथ्याशी आमच्या वाडीत कातळातून बारमाही झरा फुटतो. त्यालाही आम्ही मावळणच म्हणतो. दोन्हीकडचं पाणी एकच असेल, तर बुडती बुजल्यावर आमची वाडी कोरडी! रंग सोडून तपासता आलं असतं, पण त्याला पावसाळ्यातलं भरपूर पाणी लागतं. म्हणून आत शिरून पाहायचं ठरलं.

मी वेदिका, रत्नागिरीच्या कॉलेजात भूगोल शिकवते. हर्षद वायरमन, सुट्टी मिळाली की दोर घेऊन कडे चढणारा. आणि साठीच्या सगुणाकाकी. वरचं गाव त्यांचं माहेर, आमची वाडी सासर.

"मावळतीला वाहते म्हणून मावळण असेल," मी म्हणाले.

"तुझं पुस्तक सांगत असेल तसं," काकी म्हणाल्या. "आपल्या वाडीत मावळण म्हणजे आत्या. लग्न ठरलं की पहिलं आवतण तिला. बाळंतिणीला पहिलं पाणी तिचं. माझ्या माहेरी मात्र मावळण म्हणजे मावळलेली, गेलेली. तिथे बुडतीवर दिवस घालतात गो. शुभकार्यात तिचं नावही काढत नाहीत."

बुडतीच्या तोंडाशी हर्षदने काकींना बाहेर थांबायला सांगितलं.

"परकर-पोलक्यात होते तेव्हा आत शिरलेय मी," त्या पदर खोचत म्हणाल्या. "माहेरच्या वाटेवर मला कोण अडवतो?"

आत ओणवं व्हावं लागलं, मग रांगावं लागलं, मग पोटावर सरपटावं लागलं. जांभा कोपरं सोलून काढत होता. अचानक डोक्यावरून वटवाघळांचा लोट गेला! काकींनी माझं डोकं खाली दाबलं. नदीची बारीक धार आमच्या सोबतीने खळखळत होती आणि दोन्ही बाजूंच्या फटींतून पाझरणारं पाणी तिला येऊन मिळत होतं. तासाभराने आम्ही एका डोहाशी पोचलो. पाणी छातीभर आणि बर्फासारखं गार. पलीकडे छत उतरत उतरत थेट पाण्याला टेकलं होतं.

"खालून वाट असणार," हर्षद म्हणाला. त्याने कमरेला दोर बांधला. "तीन हिसके दिले की ओढा."

त्याने बुडी मारली. दोर सरसर गेला. एक हात, दोन हात, पाच हात... आणि थांबला.

हिसका! हिसका! हिसका!

आम्ही ओढलं. दोर हलेना! काकींनी पाय कातळाला रोवले, मी अंग मागे टाकलं. तरी हलेना. मी श्वास भरला आणि दोर धरून पाण्यात शिरले. बॅटरीच्या उजेडात गढूळ लालसर अंधार. चाचपडत गेले. दोर एका दगडी सुळक्याला अडकला होता! सोडवला. काकींनी वरून असा हिसडा दिला, की आम्ही दोघं एकदमच बाहेर फेकलो गेलो.

हर्षद खोकत होता. आत कपारीत पाय अडकून त्याचा घोटा भलत्याच बाजूला वळला होता.

"पलीकडे हात पाण्याबाहेर निघाला माझा," तो धापा टाकत म्हणाला. "हवा आहे तिथे! वेदिका, तू जा. पाच हात फक्त!"

मी दोर उचलला. खरंच जाणार होते मी. काकींनी माझं मनगट धरलं.

"नको बाय. तिला वाट ठाऊक हाय. तुला नाही."

मी दोर खाली ठेवला. आम्हाला परतायला चार तास लागले. काकींनी गवताचा भारा आवळतात तसा हर्षदला दोराने आवळला, आणि आम्ही त्याला हातहात ओढत उन्हात आणलं.

सोमवारी सभेत मी खरं तेच सांगितलं. शेवटपर्यंत पोचलो नाही. पुरावा नाही.

"मग मेलेल्या नदीसाठी कशाला भांडता?" काकींचे थोरले चुलतभाऊ केरूदादा म्हणाले.

काकी उभ्या राहिल्या. माहेरच्या सभेत पहिल्यांदाच.

"दादा, सूर्य रोज मावळतो. मेला म्हणून त्याचे दिवस घालतोस काय?"

कुणी हसलं नाही. मग ठराव झाला: पावसाळ्यात रंग सोडून तपासणी होईपर्यंत बुडतीला हात लावायचा नाही.

ऑगस्टमध्ये बुडतीत हिरवा रंग सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा झरा हिरवा झाला! पोरांनी आरोळ्या ठोकल्या. हर्षद काठी टेकत नाचला.

आठवड्याने, पाणी पुन्हा निवळल्यावर, वरच्या गावची पंधरा-वीस माणसं डोंगर उतरून आली. केरूदादा झऱ्यापाशी वाकले, ओंजळभर प्यायले आणि पिशवीतून रिकामी बाटली काढून भरू लागले.

"अहो, वर तुमच्याकडे हेच तर पाणी आहे," मी म्हणाले.

त्यांनी झाकण घट्ट लावलं.

"घरी दाखवायचंय," ते म्हणाले. "सुखरूप पोचली म्हणून."