सौदामापकाची साक्ष

सोसायटीचे अध्यक्ष लोहोकरे यांच्या कपाळावर यंत्राची पट्टी बांधून पाहताना पडलेला खळगा गव्हाच्या अर्ध्या दाण्याएवढा होता, आणि तो बुजायला सुमारे चाळीस सेकंद लागत होते. न्यायाधिकारी हेमांगी रणदिवे यांनी हे तीनदा मोजले. समोरची फाईल उघडण्यापेक्षा ते सोपे होते.

फाईल चौदा महिन्यांची होती. सह्यनगरच्या हरितकुंज सोसायटीने शहनाज बागवान या परिचारिकेला तीनशे चार क्रमांकाची सदनिका घेऊ दिली नव्हती. सभासद शाकाहारी, इमारतीत मांस शिजणे त्यांच्या धर्माविरुद्ध, असे कारण होते. २०६१चा समता कायदा म्हणत होता की धर्मावरून किंवा आहारावरून कोणालाही घर नाकारता येणार नाही. त्याच कायद्याचे नववे कलम म्हणत होते की श्रद्धा खरी असेल, तर माणसाला तिच्याविरुद्ध वागायला भाग पाडता येणार नाही. श्रद्धा कशावर आहे हे विचारायचे नाही. ती खरी आहे की नाही एवढेच बघायचे. या दोन वाक्यांमध्ये अडकून हेमांगीबाईंनी चौदा तारखा दिल्या होत्या. पंधराव्या तारखेला त्यांनी यंत्र बोलावले. निकाल यंत्रानेच द्यावा, अशी त्यांची मनातून इच्छा होती.

"हा सौदामापक," मेंदूशास्त्रज्ञ डॉ. मृण्मयी टिपणीस म्हणाल्या.

"खोटे पकडतो?"

"नाही मॅडम. हा फक्त हिशेब पकडतो. एखादी गोष्ट सोडायच्या बदल्यात काही देऊ केले, की मेंदूचा एक भाग तोलायला लागतो. किती मिळेल, परवडेल का. तेव्हा पडद्यावरची ही हिरवी रेघ नाचते. पण पोटच्या पोराच्या बदल्यात काय घ्याल, असे विचारा. माणूस तोलतच नाही. रेघ सपाट. नाचते ती आवड, सपाट राहते ती श्रद्धा."

"मुद्दाम सपाट ठेवली तर?"

"हिशेब करायचा नाही असे ठरवणे हासुद्धा हिशेबच. लगेच नाचते."

लोहोकरेंना पट्टी पुन्हा बांधली गेली. "इमारतीत मटण शिजू द्या," टिपणीस म्हणाल्या, "बदल्यात सोसायटीला नवी लिफ्ट."

रेघ ताडकन उडाली.

"कुठल्या कंपनीची?" लोहोकरेंनी विचारले.

समितीच्या उरलेल्या सहा जणांच्याही रेघा नाचल्या. खजिनदारांची तर नुसत्या रंगकामावर. एकच रेघ जागची हलली नाही, समितीबाहेरच्या सभासद, एक्क्याऐंशी वर्षांच्या तारामती उपाध्ये यांची. स्वतः मांस खाण्याच्या बदल्यात त्यांना काहीच नको होते.

"आणि शेजारणीने शिजवले तर? त्याच्या बदल्यात लिफ्ट?"

"त्याला लिफ्ट कशाला?" उपाध्येआजी म्हणाल्या. "शिजवू दे की. माझा नेम माझ्या ताटापुरता. तिच्या कढईत मी कशाला डोकावू?"

"आजी!" लोहोकरे कळवळले.

"ओरडू नकोस श्रीनिवास. मीटिंगमध्येही हेच म्हणाले होते. तू लिहून घेतले नाहीस."

शहनाज बागवान प्रथमच हसली. तिला रविवारी भाड्याची खोली सोडायची होती. नवीन घर अजून मिळालेले नव्हते, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर वॉकर धरून चालणाऱ्या अम्मीला घेऊन जायला दुसरी जागा नव्हती.

"यंत्र नीट चालते आहे ना, हे बघायला एक वेगळा प्रश्न," टिपणीस म्हणाल्या. "लोहोकरे, तीनशे चारच्या पार्किंगच्या जागेत तुमची गाडी असते म्हणे. ती जागा सोडा. बदल्यात लिफ्ट."

रेघ सपाट.

"लिफ्ट, शिवाय गच्चीवर बाग."

सपाट.

"मुलाला परदेशात प्रवेश?"

सपाट. लोहोकरेंचे डोळे भरून आले होते. "चौदा वर्षे उभी आहे हो ती तिथे."

दालनात कोणीतरी खोकले. पण लोहोकरे हुशार माणूस होता. डोळे पुसतापुसताच तो उभा राहिला. "मॅडम, अर्ज दुरुस्त करतो. मटणाचे सोडा. माझी श्रद्धा त्या जागेवर आहे आणि ती यंत्राने सिद्ध झाली. सिस्टर राहायला आल्या की जागा जाणार. कशावर श्रद्धा आहे, हे तुम्हाला विचारता येत नाही. कलम नऊ."

हेमांगीबाईंनी टिपणीसांकडे पाहिले. टिपणीसांनी नाइलाजाने होकारार्थी मान हलवली. कायद्याच्या अक्षरात चूक नव्हती.

"प्रकरण गुंतागुंतीचे आहे," हेमांगीबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात सवयीने कॅलेंडरकडे गेला. "पुढची तारीख..."

"मॅडम," शहनाज म्हणाली, "रागावू नका, पण ती पट्टी एकदा तुम्हीपण बांधा की."

रागावण्यासारखेच होते. पण विज्ञान शिकलेल्या बाईला प्रयोग नाकारणे जमले नाही. पट्टी थंड होती.

"आज निकाल द्या," टिपणीस हळूच म्हणाल्या, "बदल्यात पदोन्नती."

रेघ सपाट.

"माहेरच्या गावी बदली? निवृत्तीपर्यंत एकही सुनावणी नाही?"

हेमांगीबाईंनी पडद्याकडे पाहिले. इतकी सरळ रेघ उपाध्येआजींचीही नव्हती.

"अरे वा!" लोहोकरे म्हणाले. "मॅडम, तुम्ही आमच्यातल्याच निघालात! मग प्रश्नच मिटला. निकाल न देणे ही तुमची खरी श्रद्धा. आता तुम्हाला निकाल द्यायला कोणी भाग पाडूच शकत नाही!"

हे खरे होते. यंत्र आणि कायदा दोन्ही त्यांच्या बाजूने होते. जन्मभर तारखा देत बसायची त्यांना रीतसर सूट होती. बावीस वर्षांच्या नोकरीत इतके सुरक्षित त्यांना कधी वाटले नव्हते, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. त्यांचा नेम काही त्यांच्या ताटापुरता नव्हता. गेले चौदा महिने त्यांनी तो समोरच्या बाईला पाळायला लावला होता.

त्यांनी पट्टी सोडली.

"लोहोकरे, तुमची श्रद्धा खरी आहे. माझीही खरी आहे. ज्याने त्याने आपापल्या खर्चाने पाळावी. नववे कलम तुम्हाला वाचवते. दुसऱ्याला घराबाहेर ठेवायची मुभा देत नाही." त्या क्षणभर थांबल्या. लघुलेखकाने जुन्या अनुभवाने पेन खाली ठेवले. त्यांनी त्याला ते उचलायची खूण केली.

"सदनिका तीनशे चार, तिच्या पार्किंगसह, शहनाज बागवान यांची. आजपासून."